पाहणीचा दिवस

आमच्या मावशींची संस्था गरजूंना व्हीलचेअर फुकट वापरायला देते. अनुदानासाठी अर्ज केला, तेव्हा फाउंडेशनचे साहेब पाहणीला आले आणि खोली बघून म्हणाले, "इथे तर एकही खुर्ची नाही!" अर्ज नामंजूर.

पुढच्या वर्षी मावशींनी दारोदार फिरून, लोकांच्या विनवण्या करून सगळ्या खुर्च्या एका दिवसापुरत्या परत आणल्या. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "सगळ्या नुसत्या पडून! वापरतं कोण?" पुन्हा नामंजूर.

यंदा साहेब पाहणीच्या आधीच दारात हजर. सासूबाईंचा पाय मोडला होता, खुर्ची हवी होती.



"न्या की," मावशी म्हणाल्या. "फक्त पाहणीच्या दिवशी ती इथे हवी की सासूबाईंकडे, तेवढं सांगून ठेवा."