एवढा चांगला नको

"ताई, ही चूक आहे," गिटार शिकवणारे मास्तर म्हणाले. "तुमचा मुलगा इथं अडखळतो, चिडून तार ओरबाडतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. हे शिकायचं नसतं, विसरायचं असतं."

"मला तेवढंही शिकवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत हेवी मेटल शिकायला आजवर केस वाढवलेली पोरंच यायची. या बाई शिवणकाम करणाऱ्या. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान नसायचं त्यांना. आल्या आल्या फोनवरचं एकच रेकॉर्डिंग पुढं करायच्या. बंद दाराबाहेरून केलेलं. आत मुलगा वाजवतोय, आणि आवाज हुबेहूब तस्साच हवा, हा एकच धोशा.

हात मात्र तयार होता हं! सुया टोचून निबर झालेली बोटं, तारांनी सोलली तरी कुरकुर नाही. तळहात तारांवर टेकवून तो दबका धडधडाट काढायला पोरांना महिने लागतात. बाईंना बघता बघता जमला. पण मास्तरांनी अ‍ॅम्पवर, म्हणजे गिटारच्या स्पीकरवर, छान भरदार आवाज लावून दिला, की त्या मान हलवायच्या.

"एवढा चांगला नको. त्याचा जरा फाटका आहे."

"फाटका? अहो, चिंध्या आहेत चिंध्या!"

मास्तर आपल्याच विनोदावर हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

"रविवारपर्यंत यायलाच हवं, मास्तर."

"रविवारी काय आहे?"

"मुलगा जाणार आहे. लांब."

"असं होय! जायच्या आधी वाजवून दाखवणार त्याला?"

"तसंच समजा."

मास्तर विरघळलेच. त्यांच्या स्वतःच्या आईनं उभ्या जन्मात त्यांच्या गिटारला 'डबडं' यापलीकडे शब्द वापरला नव्हता. आणि ही माउली बघा! मग तेही हट्टाला पेटले. घरघर वाढवली, मधले सूर पार कापून टाकले, जाड तार आणखी सैल केली. खोलीत आवाज जुळला एकदाचा.

रविवारी दुपार कलल्यावर बाईंचा फोन आला. "घरी जुळत नाहीये हो. लगेच या." आवाज रडवेला झाला होता.

मास्तर तसेच धावले. दुसऱ्या मजल्यावरची लहानशी खोली, कपाट सताड उघडं, आत रिकामे हँगर. मुलगा सकाळीच निघून गेला होता, गिटार आणि अ‍ॅम्प मागं ठेवून.

"अरेरे! मग आता कुणाला ऐकवणार?" बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली.

"आता तर जास्तच जुळायला हवं," बाई म्हणाल्या. त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीपाशी जायच्या, खाली बघायच्या, परत यायच्या.

मास्तरांनी अ‍ॅम्पचं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंना आत बसवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "हं, वाजवा!"

तोच! अगदी तोच उद्धट, फाटका आवाज. अडखळला, चिडला, परत पहिल्यापासून सुरू झाला. मास्तरांच्या अंगावर काटा आला. आत्ता ते पोरगं इथं असायला हवं होतं, असं वाटून त्यांना भरून आलं. शाबासकी द्यायला त्यांनी दारावर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

एक ढेरपोट्या हवालदार धापा टाकत वर येत होता. मास्तरांना बघून तो अर्ध्या जिन्यातच कठड्याला टेकला.

"राहू द्या, राहू द्या, थांबवू नका त्याला," तो म्हणाला. "रोज ऐकून कान किटलेत, पण वरपर्यंत चढायचं तरी वाचतं. जामिनावरचं पोरगं संध्याकाळी घरात आहे, एवढंच तर बघायचं असतं मला."