लव्हाळं तांबडं झालं तेव्हा

दुपारच्या भरतीला पाणथळीतलं लव्हाळं तांबडं झालं. खारं पाणी आत शिरलं की रंग बदलावा, अशीच ती जात शास्त्रज्ञांनी घडवली होती. खाडीच्या बांधावरचं दार सांभाळणाऱ्या प्रमिलाने लगेच नवऱ्याला फोन लावला.

“अहो, दार लावावं लागतंय. कुठे आहात?”

“खाडीतच. होडी दारातून आत यायला वेळ लागेल,” जनार्दन म्हणाला.

“तोवर पिण्याचं तळं खारट होईल.”

“मग लाव. मी तिवरांच्या झाडीत होडी बांधून थांबतो.”

वारा वाढत होता. तिने दार लावलं आणि बांधावरच बसून राहिली. गावाचं पाणी गोड राहिलं. ओहोटी लागल्यावर तिने दार उघडलं, तसा जनार्दन चिंब भिजून, पण हसत आत आला. होडी काठाला लागली तरी तिने दोर बराच वेळ घट्ट धरून ठेवला.