बारावं पान

‘पहिलं पान मुखरूभाऊंचं,’ दिव्यानी मॅडम म्हणाल्या. ‘वाचा, धनराज.’

धनराजने फाइल उघडली. गोटुलाच्या, म्हणजे गावच्या समाजघराच्या, पडवीत सगळं गाव जमलं होतं. वेचलेला मोह अंगणात वाळत होता आणि त्याचा वास पडवीपर्यंत येत होता.

मॅडम चंद्रपूरच्या एका संस्थेत शेती आणि रानातल्या अन्नावर संशोधन करत. त्यांचा नियम साधा होता. गावाने सांगितलेलं छापण्याआधी गावालाच वाचून दाखवायचं. ज्याचं पान, त्याने हो म्हटलं तरच ते पुस्तिकेत जाणार. मुलाखती घेण्याचं काम धनराजचं होतं. हा नियम त्याला गेल्या आठवड्यात कळला.

फाइलमध्ये बारा मुलाखती होत्या. त्यांतल्या अकरा त्याने तालुक्याच्या गावी, मूलला, भाड्याच्या खोलीत बसून लिहिल्या होत्या. तेव्हा धानकापणी सुरू होती, दिवसभर गावात कोणी सापडत नव्हतं. नावं त्याने मतदार यादीतून घेतली, उत्तरं जुन्या पुस्तिकांतून. मुखरूभाऊ कोण, हे त्याला आत्ता कळलं, एक म्हातारा पुढे सरकून बसला तेव्हा.

‘आम्ही धानाच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, तूर लावतो,’ धनराज वाचू लागला. ‘माझ्या आजोबांनी शिकवलं, की पहिली ओळ पाखरांची.’

वाचून झाल्यावर त्याने मान वर केली नाही.

‘बरोबर,’ मुखरूभाऊ म्हणाला. ‘असंच म्हटलो मी.’

मॅडमनी पानावर बरोबरची खूण केली.

दुसरं पान इतवारीबाईचं होतं. तिला सतरा रानभाज्या माहीत असल्याचं धनराजने लिहिलं होतं.

‘सतराच?’ इतवारीबाईने डोळे मोठे केले. ‘मले वाटे, अठरा सांगितल्या. एक तूच खाल्ली का रे?’

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मॅडमही हसल्या. धनराजने घाईने पुढचं नाव वाचलं.

कोलूच्या पानात तीन बैल होते. पडवीत कोणीतरी खाकरलं.

‘आता एकबी नाई, मॅडम,’ कोलू गंभीरपणे म्हणाला. ‘पण सांगितलं तेव्हा असतीन.’

‘सासऱ्याचे मोजले असतीन तुनं,’ मागून कोणी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

अशी अकरा पानं झाली. अकरांवर खूण. प्रत्येक ‘हो’ ऐकताना धनराजला थोबाडीत बसल्यासारखं होत होतं. ही साधी माणसं. कागदावर आलं म्हणजे आपणच म्हटलं असणार, असं मानून चालणारी. ओरडून सांगावं, मी तुमच्या दारात आलोच नव्हतो, असं त्याला एकदा वाटलं. त्याने पान उलटलं.

आता बारावं. आशाबाईचं. हे तेवढं खरं होतं.

धानकापणीच्या दिवसांत एकदा गावाजवळ त्याच्या गाडीची चेन तुटली होती. आशाबाईने त्याला घरी नेलं, उकडलेले कंद मीठ-मिरचीसोबत खायला दिले.

‘वही नाई आणली का?’ तिने विचारलं होतं.

‘नाही बाई. आज नुसता पाहुणा.’

मग ती त्याला नाल्यापलीकडे घेऊन गेली. मूलला पोचल्यावर त्याने एकेक शब्द आठवून लिहिला होता. गेले चार महिने या एका पानाचा त्याला आधार होता.

त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने, स्पष्ट वाचलं. ‘नाल्याच्या वरच्या अंगाला, दोन बेहड्याच्या झाडांमधल्या उतारावर कंद आहेत. घरातलं धान संपलं की तीन आठवडे आमचं पोट त्यावर चालतं. कंद काढला की वेलाचं डोकं त्याच खड्ड्यात परत पुरायचं. मग दोन वर्षं त्या वेलाला हात लावायचा नाही.’

इतवारीबाईने आशाबाईकडे पाहिलं.

‘फार सुंदर,’ मॅडम म्हणाल्या. ‘आशाबाई, बरोबर आहे ना?’

‘हे मी नाई सांगितलं,’ आशाबाई म्हणाली.

धनराजने तिच्याकडे पाहिलं. ती मॅडमकडे पाहत होती.

‘कंद नाहीत तिथे?’ मॅडमनी विचारलं.

‘तिथी तं गोटे आहेत, मॅडम.’

‘गोटेच आहेत,’ मुखरूभाऊ म्हणाला.

‘अन् साप,’ इतवारीबाई म्हणाली.

मॅडमनी पेनाचं टोपण हळूच लावलं, पुन्हा काढलं. ‘धनराज, हे तुम्ही मनाने लिहिलंत?’

सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं.

‘हो,’ तो म्हणाला.

मॅडमनी पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. ‘बाकीची अकरा छापू,’ त्या म्हणाल्या, आणि परत जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यांची जीप गेली. धनराज गाडीपाशी उभा होता, किल्ली हातात धरून. आशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

‘येताना ते टेकडीवरचे खड्डे पाह्यले ना तुनं?’

त्याने मान हलवली. शेजारच्या गावालगतची ती टेकडी खड्ड्यांनी भरलेली होती. झाडं लावायला खणले असतील, असं त्याला दर वेळी वाटे.

‘मुसळी होती तिथी, औषधाची. त्या गावच्या बुढ्यानं एका साहेबाले खरं खरं सांगितलं. पुस्तकात आलं. मंग मोटारी आल्या. मुळासकट नेली.’

धनराजने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

‘पण बाई, बाकीच्यांनी...’ तो म्हणाला. ‘मी तर त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. ती सगळी पानं खोटी आहेत.’

‘माहीत आहे आमाले,’ आशाबाई म्हणाली. ‘म्हणून तं सारे हो म्हटले.’