शेवटची रेघ

फोनच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या तीन रेघांपैकी शेवटचीही विझली, तशी आईने मृणालकडे परक्यासारखं पाहिलं. "हेरंबच्या ऑफिसातल्या का तुम्ही? बसा ना, उभ्या का? येईलच तो जेवायला."

आईच्या मेंदूतली चिप आठवणी या फोनवरून घेई. फोन जोडला, की तिला लेक ओळखू येई. आणि मुलगा हेरंब वारल्याचंही दर वेळी नव्याने कळे. मग ती दिवसभर रडे.

मृणालने सवयीने राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड टाकला. 'जोडायचं?' फोनने विचारलं.

आई गुणगुणत हेरंबच्या ताटात लिंबाची फोड ठेवत होती.

वर्षभर जे करायला मृणाल धजली नव्हती, ते तिने केलं. 'नाही'वर बोट टेकवलं.

"काकू," ती म्हणाली, "त्याला उशीर होईल. आपण दोघी जेवून घेऊ."