इतर गोंगाट

गजाननरावांच्या कानांत यंत्र बसवल्यापासून त्यांना तंबोरा ऐकू यायचा, बायको नाही. शेवटी त्या यंत्राचं मिक्सिंग, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू यावा ते ठरवणं, शिकायला सिंधूताई स्वतःच बसल्या आणि त्यांच्या नाकी नऊ आले. टॅबवर प्रत्येक आवाजाची वेगळी, वर-खाली सरकणारी पट्टी होती. तंबोरा, तबला, मुलगा राजीव, शेजारचे काळेसुद्धा! गजाननराव ज्याचं नाव घेत, त्याची पट्टी यंत्र आपोआप बनवायचं. 'सिंधू' कुठेच नव्हती.

वैतागून त्यांनी शेवटची, 'इतर गोंगाट' नावाची पट्टी वर सरकवली.

"अगं, बंद कर! कुकर, कबुतरं, सगळं कानात घुसलं!" गजाननराव ओरडले.

"आणि मी?"

"हो, तूही."

"म्हणजे मी गोंगाटात! बेचाळीस वर्षं नुसतं 'अगं, अगं' केलंत. आता नाव घ्या माझं."

"या वयात? लग्नात घेतलं होतं की उखाण्यात!"

"तेव्हा यंत्र नव्हतं."

गजाननराव खाकरले, दाराकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "सिंधू."

टॅबवर नवी पट्टी उगवली. सिंधूताईंनी गोंगाट, तबला, तंबोरा शून्यावर आणले, आपली पट्टी टोकापर्यंत चढवली आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता पहिल्यापासून ऐका."