थेट जोडणी

ऑफिसातून घरचा कॅमेरा बघताना चित्र अडकलं, की तो घरी येऊन बायकोला बदडायचा. तेवढ्यात कुठे उलथली होतीस, एवढाच प्रश्न.

घरच्या सर्व्हरवर कॅमेऱ्यांसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातलाच एक वेगळा संगणक, होतं. नवं नेटवर्क कार्ड त्याला थेट जोडलं तर चित्र अडकणार नव्हतं; पण मग त्या मशीनमधून बाहेर कुणाला काय जातंय, ते आतासारखं सर्व्हरवर त्याला दिसलं नसतं. आठवडाभर त्याचं ठरेना. हे सगळं तो तिलाच ऐकवायचा, तिला कुठे काय कळणार होतं.

"देऊन टाका ना थेट," फुटलेल्या ओठावर रुमाल दाबत ती म्हणाली. "माझा मार तरी वाचेल."

त्याला हसू आलं, पण पटलंही. त्याने कार्ड थेट जोडलं.

मार काही वाचला नाही. रविवारी फोन उशिरा उचलला म्हणून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. थोड्याच वेळात दार वाजलं.

दारात तिचा भाऊ होता, मागे दोन पोलीस. भावाच्या मोबाईलवर तो पुन्हा पुन्हा तेच डोकं त्याच भिंतीवर आपटत होता.



"चित्र आता कुठेच अडकत नाही, दाजी."