सीटखालचं बटण

मिनी ट्रॅक्टरच्या सीटखाली एक बटण होतं. सीटवर माणसाचं वजन असेल तरच इंजिन चालायचं. माणूस उठला की बंद. गेली दोन वर्षं बाबा त्याला गवत कापायचं यंत्र जोडून सगळं आवार कापायचे, कधी कुरकुर नाही. यंदा मात्र जमिनीवर जरा कुठे दणका बसला, की इंजिन गप्प.

"बाबा, सारखे उठता कशाला?" मुलगा खेकसला.

"अरे, मी बसलोच आहे!"

"मग उठतंय कोण, भूत?"

मेकॅनिक येऊन बघून गेला. बटण ठणठणीत होतं. मुलगा स्वतः बसला, तर ट्रॅक्टर पार कुंपणापर्यंत बिनबोभाट गेला. त्याचं डोकं आणखीच भडकलं. हल्ली म्हाताऱ्याचं सगळंच तऱ्हेवाईक झालं होतं. जेवायला हाक मारावी तर भूक नाही, ताट अर्धं तसंच, आणि वर हा हट्ट!

बाबा पुन्हा चढले. पुन्हा खड्डा आला, पुन्हा इंजिन बंद.

"उतरा! उतरा म्हणतो ना खाली!"

"बसलोय मी!" बाबाही दातओठ खात ओरडले आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसले.

मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा चालत आला, बाबांच्या काखेत हात घातले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांना वर ओढलं.



रिकामं पोतं यावं, तसे बाबा हातात आले.